पांढरं पीस आणि थरथरणारे हात

'बांगड्यांचा आहेर' हा मराठी वर्तमानपत्रांचा ठेवणीतला शब्दप्रयोग. नळाला पाणी येत नाही, रस्त्यावरचे खड्डे बुजत नाहीत, मग एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते (बऱ्याचदा कार्यकर्त्याच) साहेबांच्या टेबलावर हिरव्या बांगड्या ठेवतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी येते. निरोप सगळ्यांना बरोबर कळतो. तुम्हाला काम जमत नाही, म्हणजे तुम्ही पुरुष नाही, म्हणजे तुम्ही बाई. यातल्या शेवटच्या पायरीपाशी थांबून कुणी विचार करत नाही. बांगड्या भरलेल्या हातांनीच आपल्याला जेवायला घालून लहानाचं मोठं केलं, वगैरे मुद्दे त्या वेळी कुणाला सुचत नाहीत.

गंमत म्हणजे ही काही खास आपली अक्कल नव्हे. पहिल्या महायुद्धात खुद्द साहेबाच्या देशात हेच काम एका पिसानं केलं. पुढे त्याच युद्धात डॉक्टरांना, सेनापतींना आणि शेवटी गोळीबार पथकांनाही 'पुरुष म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. काहींनी ते बरं दिलं, बऱ्याच जणांनी फार वाईट दिलं. आज ती गोष्ट सांगतोय. लेख जरा लांबलाय, पण विकांत आहे, चहाचा कप भरून घ्या आणि बसा :-)

तर झालं असं. इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजी लावणाऱ्यांमध्ये एक जुनी समजूत होती. ज्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसेल तो हलक्या जातकुळीचा, लढायच्या कामाचा नाही. (आपल्याकडेही घाबरलेला माणूस शेपूटच घालतो. शेपटीचा आणि शौर्याचा संबंध जागतिक दिसतोय.) १९०२ साली ए. ई. डब्ल्यू. मेसन या लेखकाची 'द फोर फेदर्स' ही कादंबरी आली. लढाईच्या तोंडावर सैन्य सोडणाऱ्या एका अधिकाऱ्याला त्याचे तीन मित्र एकेक पांढरं पीस पाठवतात आणि चौथं पीस त्याची वाग्दत्त वधूच देते. पुस्तक तुफान चाललं. त्यामुळे पांढऱ्या पिसाचा अर्थ काय, हे इंग्लंडात कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती नव्हती. फ्रान्स आणि जर्मनीकडे लाखोंच्या फौजा तयार, आणि ब्रिटनकडे त्या मानाने छोटं, पगारी सैन्य. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी पहिल्याच हप्त्यात एक लाख स्वयंसेवक मागितले. कायद्याची सक्ती नाही म्हटल्यावर दुसरी कुठली तरी लागणारच. ती सक्ती होती लाजेची.

३० ऑगस्ट १९१४ ला फोकस्टन या बंदराच्या गावी चार्ल्स पेनरोज फिट्झगेराल्ड या निवृत्त ॲडमिरलने तीस बायका गोळा केल्या आणि त्यांच्यावर कामगिरी सोपवली. रस्त्यात जो धडधाकट तरुण साध्या कपड्यात दिसेल त्याच्या हातात किंवा कोटावर पांढरं पीस द्यायचं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि बघता बघता हे लोण गावोगावी पसरलं. ट्राममध्ये, नाटकगृहाबाहेर, बागेत, कुठेही एखादी अनोळखी बाई समोर येऊन पीस देऊन जायची. बॅरोनेस ऑर्झी या कादंबरीकार बाईंनी तर एक संघटनाच काढली. जो पुरुष सैन्यात गेलेला नाही त्याच्याबरोबर आम्ही चारचौघांत दिसणार नाही, अशी शपथ तिच्या सदस्य बायका घेत. सरकारी भित्तिपत्रकंही त्याच सुरातली. १९१५ च्या एका प्रसिद्ध पत्रकात खिडकीत उभ्या असलेल्या बायका आपल्या माणसांना जा म्हणताहेत. दुसऱ्यात एक छोटी मुलगी बापाच्या मांडीवर बसून विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? त्या बापाचा चेहरा बघण्यासारखा आहे.

ही कथा सांगताना 'बायकांनी पुरुषांना मरायला पाठवलं' असा सूर लावायची बऱ्याच लोकांना हौस असते. जरा थांबूया. पिसाची कल्पना सत्तरी ओलांडलेल्या एका ॲडमिरलची होती. पत्रकं काढणारी भरती समिती पुरुषांची. बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. युद्ध करायचं की नाही हे ठरवण्यात त्यांचा वाटा शून्य, पण ठरल्यावर ते रेटण्यासाठी त्यांचे डोळे मात्र हवे होते. कारण पुरुषाला पुरुष म्हणून नापास करायचं तर परीक्षक बाईच पाहिजे! शिवाय बायकांतही एकमत नव्हतं. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट यांनी आपलं आंदोलन थांबवून युद्धाला पाठिंबा दिला, तर त्यांचीच मुलगी सिल्व्हिया शेवटपर्यंत युद्धाच्या विरोधात राहिली. एकाच घरात दोन टोकं.

पिसाची एक तांत्रिक अडचण होती. अंगावर गणवेश नाही एवढ्यावरून माणसाचं काही कळत नाही. रजेवर आलेले, जखमी होऊन सुटलेले, दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणारे, अशा सगळ्यांच्या हातात पिसं पडू लागली. जॉर्ज सॅमसन या खलाशाचा किस्सा प्रसिद्ध आहे. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर १९१५ साली गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं होतं. साध्या कपड्यात स्वतःच्याच सत्काराला जात असताना त्याला एका बाईने पीस दिलं. शेवटी सरकारला सप्टेंबर १९१६ मध्ये जखमी किंवा आजारी होऊन सुटलेल्या सैनिकांसाठी चांदीचा बिल्ला काढावा लागला. तो कोटावर लावायचा, म्हणजे लोक वाटेला जाणार नाहीत. युद्धविरोधी पत्रकार फेनर ब्रॉकवे (यांचा जन्म कलकत्त्याचा, आणि पुढे ते भारताच्या स्वातंत्र्याचे खंदे समर्थक झाले) म्हणायचे की माझ्याकडे पंखा करता येईल इतकी पिसं जमली आहेत. अशी विनोदबुद्धी सगळ्यांकडे नसते. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा मंजूर झाला, तोवर सुमारे २५ लाख माणसं स्वतःहून सैन्यात गेली होती. त्यातली किती देशासाठी गेली, किती पगारासाठी, किती मित्रांबरोबर आणि किती त्या पिसाच्या धाकाने, याचा हिशोब कुणीच करू शकत नाही.

आता गाडी खंदकाकडे वळवतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

या पोरांच्या डोक्यात युद्धाचं जे चित्र होतं ते घोडदौडीचं, संगिनी रोखून धावण्याचं, समोरासमोर भिडण्याचं होतं. शाळेत तेच शिकवलेलं. मर्द म्हणजे जो पुढे होऊन काहीतरी करतो तो. प्रत्यक्षात पश्चिम आघाडीवर काय होतं? चिखलाने भरलेला चर आणि त्यात बसून राहणं. शत्रू दिसत नाही. काही मैलांवरून तोफगोळे येतात आणि पुढचा आपल्यावर पडणार की शेजारच्यावर हे तुमच्या ताकदीवर, धैर्यावर, हुशारीवर, कशावरच अवलंबून नाही. सोमच्या लढाईआधी ब्रिटिश तोफांनी आठवडाभरात जर्मन बाजूवर सुमारे १५ लाख गोळे टाकले. त्यानंतर १ जुलै १९१६ ला ब्रिटिश पायदळ पुढे सरकलं आणि त्या एकाच दिवसात त्यांचे १९,२४० लोक मेले. असल्या यंत्रासमोर 'छाती पुढे काढून' वगैरे काही चालत नाही.

माणसं मोडू लागली. जखम कुठेच नाही, पण कुणाचे हात थांबत नाहीत, कुणाला चालता येत नाही, कुणाची दृष्टी गेली, कुणाची वाचा. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांवर लेख लिहिला आणि 'शेल शॉक' हा शब्द छापील जगात आला. सुरुवातीचा अंदाज असा की गोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसत असावा. म्हणजे दुखणं शारीरिक, म्हणजे इज्जतीला धक्का नाही. पण लवकरच लक्षात आलं की ज्यांच्या आसपास गोळा फुटलेलाच नाही तेही असेच थरथरताहेत.

मग लष्कराने काय करावं? वर्गीकरण! शत्रूच्या गोळ्याने झालेला शेल शॉक म्हणजे 'जखमी'. त्याला बाहीवर जखमेची पट्टी मिळणार. बाकीचा शेल शॉक म्हणजे नुसता 'आजारी'. त्याला पट्टी नाही, मान नाही. १९१७ मध्ये तर आघाडीवर हा शब्दच वापरायला बंदी आली. कागदावर लिहायचं 'मज्जाविकार, निदान व्हायचे आहे'. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना हे लगेच ओळखीचं वाटेल. बग खरा आहे, ग्राहक ओरडतोय, पण 'आमच्या मशीनवर असं होत नाही' असा शेरा मारला की तिकीट बंद. आकडा छान दिसतो. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात नोंद झालेले असे रुग्ण ८०,००० च्या घरात गेले होते, आणि ही फक्त नोंद झालेल्यांची संख्या.

खरी पंचाईत नावाची होती. वैद्यकशास्त्राला ही लक्षणं नवीन नव्हती. शरीरात काही बिघाड नसताना वाचा जाणं, पाय लुळे पडणं, आंधळेपण येणं, याला आधीपासून नाव होतं, हिस्टेरिया. आणि हिस्टेरिया म्हणजे बायकांचा आजार. शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला. आता साम्राज्याच्या शिपायाला, बारा गावचं पाणी प्यायलेल्या गड्याला, गर्भाशयाच्या नावाचा आजार झाला असं लिहायचं कसं? यावर जी तोड निघाली ती वर्गव्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. साधा शिपाई असेल तर लिहायचं हिस्टेरिया. अधिकारी असेल तर लिहायचं न्यूरास्थेनिया, म्हणजे जबाबदारीच्या ताणाने आलेला मज्जातंतूंचा थकवा. शिपाई बायकी ठरला, अधिकारी दमला!

या सगळ्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचा एक डॉक्टर होता. मूळचा मानववंशशास्त्रज्ञ. १९०१-०२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांमध्ये राहून त्याने त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. स्वतः बोलताना अडखळायचा. त्याने एक निरीक्षण नोंदवलं, जे मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. हवाई दलात जो विमान चालवतो त्याला हा आजार कमी होतो. त्याच विमानात बसून नुसती टेहळणी करणाऱ्याला जास्त होतो. आणि दोराने बांधलेल्या फुग्यात बसून, हलता न येता, शत्रूच्या माऱ्यात लटकत टेहळणी करणाऱ्याला सगळ्यात जास्त. धोका सगळ्यांनाच आहे. फरक एवढाच की एकाच्या हातात काहीतरी आहे आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही.

इलेन शोवॉल्टर या अभ्यासिकेने १९८५ च्या 'द फीमेल मॅलडी' या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. ठरवून दिलेल्या जागेत गप्प बसायचं, काय होणार ते दुसरे ठरवणार, राग आला तरी दाखवायचा नाही, भीती वाटली तरी बोलायचं नाही. हे वर्णन खंदकातल्या शिपायाचं आहे, आणि त्याच्या आधीच्या पन्नास वर्षांतल्या मध्यमवर्गीय इंग्रज बाईचंही आहे. तिची वाचा जायची तेव्हा डॉक्टर म्हणायचे, बाईची जातच नाजूक. मग पुरुषांना त्याच परिस्थितीत कोंडून बघितलं, तर त्यांचीही वाचा गेली. म्हणजे दोष बाईच्या घडणीत नव्हता, कोंडण्यात होता. लाखो माणसांवर नकळत झालेला हा प्रयोगच म्हणायचा, आणि निष्कर्ष इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. त्याच काळात तिकडे इंग्लंडात लाखो बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात यंत्रं चालवत होत्या, बसवर तिकिटं फाडत होत्या, आणि त्यांना काहीही 'पुरुषी' आजार होत नव्हते.

उपचारांचं बघा. रिव्हर्स काम करायचा ते एडिंबरोजवळचं क्रेगलॉकहार्ट रुग्णालय, फक्त अधिकाऱ्यांसाठी. कवी सिगफ्रीड ससून १९१७ च्या जुलैत तिथे आला. हा गडी भित्रा अजिबात नव्हे. शौर्यपदक मिळवलेला, आणि बेफिकीर धाडसामुळे 'मॅड जॅक' म्हणून ओळखला जाणारा. त्याने जाहीर निवेदन काढलं की हे युद्ध आता मुद्दाम लांबवलं जातंय आणि मी त्यात भाग घेणार नाही. कोर्टमार्शल करावं तर बोभाटा होणार, म्हणून त्याला शेल शॉकचा रुग्ण ठरवून इथे पाठवलं. विल्फ्रेड ओवेनही त्याच वेळी तिथे होता. रिव्हर्सची पद्धत बोलण्याची. जे पाहिलं ते विसरायचा प्रयत्न करू नका, सांगा, असं तो म्हणायचा. त्याचं म्हणणं, लहानपणापासून भीती गिळायला शिकवलेल्या पोरांना ती गिळूनच आजार झालाय. अर्थात त्याचंही काम शेवटी माणसं दुरुस्त करून परत लढायला पाठवण्याचंच होतं. ओवेन परत गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध संपायच्या बरोबर एक आठवडा आधी मारला गेला.

शिपायांच्या वाट्याला काय? लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या लुईस येलँड या डॉक्टरने १९१८ साली आपल्या उपचारांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक चोवीस वर्षांचा शिपाई आहे. मॉन्सपासून लूसपर्यंत पश्चिम आघाडीवरच्या एकामागून एक मोठ्या लढायांत तो होता. पुढे त्याची वाचा गेली. येलँडच्या हाती येण्यापूर्वी जिभेला पेटती सिगारेट लावण्यापर्यंतचे प्रयोग त्याच्यावर झाले होते. येलँडने त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, आणि बोलता आल्याशिवाय इथून बाहेर पडता येणार नाही असं सांगून घशाला विजेचे झटके द्यायला सुरुवात केली. मधूनमधून त्याला आठवण करून दिली जायची की तू शूर आहेस, शूरासारखा वाग. चार तासांनी तो बोलला. डॉक्टरने यशस्वी उपचार म्हणून नोंद केली. येलँड काही राक्षस नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं की आपण याला बरं करतोय. मला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

आणि ज्यांना रुग्णालयही मिळालं नाही ते?

हॅरी फार हा वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा शिपाई. नोव्हेंबर १९१४ पासून फ्रान्समध्ये. मे १९१५ मध्ये शेल शॉकने कोसळला, पाच महिने रुग्णालयात होता. हात इतके थरथरत की बायकोला पाठवायची पत्रं नर्सला लिहून द्यावी लागत. तरी परत आघाडीवर. १९१६ मध्ये आणखी दोनदा त्याला वैद्यकीय मदत घ्यावी लागली. १७ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत पुढे जायचा हुकूम झाल्यावर तो म्हणाला, मला सहन होत नाही. दवाखान्यात गेला, तर अंगावर जखम नाही म्हणून त्याला परत पाठवलं. सार्जंट मेजरने शिव्या घालून धमकावलं, फरफटत न्यायचा प्रयत्न केला, हा सुटून मागे पळाला. ऑक्टोबरमध्ये कोर्टमार्शल झालं. बचावाला कुणी नाही, त्याच्यावर उपचार केलेला डॉक्टर स्वतःच जखमी असल्याने साक्षीला नाही. सगळं वीसेक मिनिटांत आटोपलं. भेकडपणाच्या आरोपावरून त्याच महिन्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय २५. डोळ्यांवर पट्टी बांधायला त्याने नकार दिला.

हे शेवटचं वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो. भेकड म्हणून मारला जाणारा माणूस समोरच्या बंदुकांकडे उघड्या डोळ्यांनी बघतो आणि तरीही नोंदवहीत भेकडच राहतो.

आकडे सांगायचे तर त्या युद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी ३,००० हून जास्त मृत्युदंड सुनावले. त्यातले दहापैकी नऊ रद्द झाले किंवा कमी केले गेले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ३४६ जणांना प्रत्यक्ष मारलं. त्यात २६६ पळून गेल्याबद्दल आणि १८ भेकडपणाबद्दल. पलायनासाठी गोळी खाल्लेले अधिकारी किती? दोन. बाकी सगळे शिपाई आणि छोटे हुद्देवाले. 'थकलेला' आणि 'बायकी' या दोन शब्दांतला फरक इथे येऊन पोचतो.

हे सगळं गोऱ्यांपुरतंच नव्हतं. १९१४ च्या ऑक्टोबरात हिंदी पलटणी ईप्रच्या खंदकात उतरल्या, त्या पातळ कपड्यांत आणि युरोपच्या हिवाळ्याच्या तोंडावर. लवकरच वरिष्ठांना संशय आला की हे लोक सुटका करून घ्यायला स्वतःच्याच हातावर गोळ्या झाडून घेताहेत. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १,००० जखमा तपासून १९१५ मध्ये अहवाल दिला की या संशयाला आधार सापडत नाही. सैनिकांची पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉर अधिकाऱ्यालाही वेगळंच काही दिसत होतं. त्याने वर कळवलं की बरीच माणसं पत्रांतून कविता करू लागली आहेत आणि हे मनःस्थिती बिघडल्याचं लक्षण असावं. कविता करणं हे धोक्याचं चिन्ह! भीती वाटते असं सरळ लिहायला 'लढाऊ जमाती'च्या शिपायाला जागाच नव्हती, मग बिचारा आणखी काय करणार?

'लढाऊ जमाती' हे प्रकरणही याच कारखान्यातलं. १८५७ नंतर, आणि विशेषतः १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, हिंदुस्थानातल्या जातीजमातींची मर्दानी आणि बिनमर्दानी अशी चक्क वाटणी झाली. बंगाली बाबू बायकी, पठाण-शीख-गुरखे मर्द. आपल्याकडच्या महारांनी कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यानपिढ्या नोकरी केली होती, कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. पण १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाने अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. मग महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं, १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी. माणसं तीच, गावं तीच. मर्दपणा मात्र गरजेप्रमाणे चढत-उतरत होता, शेअर बाजारासारखा.

पुढचं थोडक्यात. १९२२ मध्ये लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने शेल शॉकवर अहवाल दिला. चांगल्या पलटणीत हा आजार होत नाही, असं ठासून सांगणारे अधिकारी साक्षीला आले होते. समितीने 'शेल शॉक' हा शब्दच टाकून द्या म्हटलं. १९३० मध्ये अर्नेस्ट थर्टल या मजूर पक्षाच्या खासदाराच्या चिकाटीने भेकडपणा आणि पलायन यांसाठीचा मृत्युदंड रद्द झाला. १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या रेट्यामुळे, आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो ते निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. मायर्सच्या लेखानंतर ६५ वर्षांनी.

आणि हॅरी फार? त्याच्या विधवेचं, गर्ट्रूडचं, निवृत्तिवेतन बंद झालं. तिने लाजेपोटी वर्षानुवर्षं कुणाला काही सांगितलं नाही. तिची मुलगी बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती, तिलाही खरं कळलं ते मोठेपणी. म्हातारपणी या मुलीने बापाचं नाव स्वच्छ करायला लढा दिला. जून २००१ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये अशा सैनिकांचं स्मारक झालं, त्याचं अनावरण तिनेच केलं. मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पोराचा पुतळा आहे, १७ व्या वर्षी गोळी खाल्लेल्या हर्बर्ट बर्डनवर बेतलेला, आणि मागे प्रत्येकाच्या नावाचा एकेक लाकडी खांब. २००६ च्या कायद्याने अशा ३०६ जणांना माफी दिली. मुलगी तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती.

त्या कायद्यात एक बारीक कलम आहे. या माफीने मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा यांवर कोणताही परिणाम होणार नाही, असं त्यात लिहिलंय. म्हणजे निकाल जागच्या जागी आहे, वर फक्त एक शेरा जोडलाय. कायद्याची त्यात काही अडचण असेल, मला त्यातलं फार कळत नाही. पण 'तो भेकड नव्हता, आजारी होता' एवढं सरळ वाक्य लिहायला नव्वद वर्षंही पुरली नाहीत, हे मात्र कळतं.

असो. आज इथेच थांबतो. ज्यांना वाचायला आवडेल त्यांनी पॅट बार्कर यांची 'रीजनरेशन' (१९९१) ही कादंबरी जरूर मिळवा. रिव्हर्स, ससून, येलँड सगळे त्यात भेटतात. आणि घरात कुणी निवृत्त फौजी काका-आजोबा असतील तर त्यांना पराक्रमाच्या गोष्टी विचारतोच आपण, एकदा भीतीची पण विचारून बघा. कदाचित ते विषय बदलतील. कदाचित बोलतीलही.

पुढच्या विकांताला भेटूच.